खुमालोचा नातू

जोहान्सबर्ग
३ मार्च २०१९

प्रिय आत्या,

झेंझोच्या गाडीतून तेल, साबण, साखर आणि तुझ्या गुडघ्याचं मलम पाठवतोय. फोनच केला असता, पण तुला टेकडी चढून बोलावं लागतं आणि तिथे अर्धं गाव कान लावून बसलेलं असतं. ही गोष्ट गावाने ऐकण्यासारखी नाही. निदान मला स्वतःला कळेपर्यंत तरी नाही.

गेल्या रविवारी आमच्याकडे तीन माणसं आली. आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे (हो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच इमारतीची, हस तू), तेव्हा बिचारे नऊ मजले चढून आले. दोघे सुटाबुटात, त्यातल्या एकाच्या कपाळावर बिबळ्याच्या कातड्याची पट्टी. तिसरा म्हातारा, त्याला श्वासच पुरत नव्हता. मी बनियनवर होतो, हाताला ग्रीस. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि दारातच गुडघे टेकून ओरडले, "बायेते!"

आत्या, राजाला करायचा मुजरा! मी मागे वळून पाहिलं. मागे नोम्वुला कढई घासत उभी होती.

चहा झाल्यावर पट्टीवाला बोलला. त्याचं नाव माभेना, वकील आहे. म्हणाला, "शेवटचा राजा गोऱ्यांपुढून उत्तरेला निघून गेला, त्याला सव्वाशे वर्षं झाली. तेव्हापासून आपली गादी रिकामी आहे. रिकाम्या घरात कोणीही शिरतं. आता लोकांनी ठरवलंय, राजा बसवायचा." त्यांच्या समितीने म्हणे चार वर्षं शोध घेतला. राजाच्या थोरल्या घरातला एक म्हातारा खुमालो शांगानी नदीच्या काठी येऊन राहिला होता, त्याचा एकच मुलगा जोसाया, जोसायाचा लांगा, आणि लांगाचा मी. आणखी दोन दावेदार आहेत, पण ते धाकट्या घरांतले.

मी म्हटलं, "साहेब, मी लिफ्ट दुरुस्त करतो." तर तो म्हातारा म्हणतो, "उत्तम. माणसं वर नेण्याची सवय आहे."

नोम्वुला पडली सोवेटोची झुलू, नवऱ्याला राजा म्हणतात ही तिला गंमत. रोज सकाळी म्हणते, "महाराज, कचरा खाली नेऊन टाका."

मला मात्र हसू येत नाही. आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला त्यांची खाकी टोपी आठवते, बाकी काही नाही. आपण खरंच त्या घरातले आहोत का? तू कधी बोलली नाहीस. आपल्यात आत्या म्हणजे लुगड्यातला बापच, आणि मला तर बाप असा तूच. तूच सांग.

तुझा,
थुली

---

शांगानीकाठ, एनकायी
११ एप्रिल २०१९

बाळ थुली,

तेल पोचलं. मलमाचा वास भयंकर आहे, पण गुडघा ऐकतो. तुझं पत्र दोन वेळा वाचलं. घाईत दोन शब्द चुकवलेस, लाल शाईने खुणा केल्यात. पंचवीस वर्षं मी तुला शुद्धलेखन शिकवतेय.

तुझे पाहुणे माझ्याकडेही येऊन गेले, तुझ्याआधी. सांगितलं नाही, कारण मला वाटलं येतील आणि जातील. मारुलाच्या झाडाखाली बसले, आंबट दूध प्यायले, दोनदा मागून घेतलं. वकिलाने विचारलं, "गुरुजीबाई, तुमचे वडील खुमालो होते ना?" मी म्हटलं, "गोऱ्या सरकारने दिलेल्या त्यांच्या पासबुकात तसंच लिहिलंय." खोटं काही बोलले नाही.

तेव्हापासून गावाची चाल बदललीय. विहिरीवर बायका माझी बादली आधी भरू देतात. कोणीतरी अंगणात सरपणाची मोळी टाकून गेलं. शेजारचा मंडला माझ्या शेळ्यांवरून तीन वर्षं अबोला धरून होता, तो परवा टोपी काढून उभा राहिला. चूक कोणाची होती ते मात्र अजून कबूल करत नाही.

आणि माएन्द्लोवू आली. तिचा नवरा आणि तुझा बाप यांना सैनिकांनी एकाच ट्रकमध्ये घालून नेलं, चौऱ्याऐंशी साली, ते तुला ठाऊक आहे. ती कधी त्याबद्दल बोलत नाही. पस्तीस वर्षांत नाही बोलली. समिती बसलेली असताना ती कोपऱ्यात बसून होती, आणि सगळे गेल्यावर मला म्हणाली, "सेंझेनी, राजा झाला की तो सरकारला विचारू शकेल ना, आमची माणसं कुठे पुरलीत? साध्या माणसाने विचारलं तर मारतात. राजाला मारणार नाहीत."

मी म्हटलं, चहा घे.

तुला हे सगळं आवडलेलं दिसतंय. पत्रात तू "थोरल्या घरातला" हे ठळक लिहिलं आहेस. जपून राहा. कशावरही सही करू नकोस. आजोबांबद्दल विचारतोस, तर ते कष्टाळू होते, कमी बोलत, आणि गुरं त्यांचं ऐकत. एवढं पुरे.

तुझी आत्या,
सेंझेनी

---

जोहान्सबर्ग
१९ मे २०१९

प्रिय आत्या,

मला आवडलेलं नव्हतं. पत्र लिहिलं तेव्हा तरी नव्हतं. आता काय आहे ते मलाच कळत नाही, म्हणून लिहितोय.

माभेनांनी मला एका सभेला नेलं. मी म्हटलं मागे बसेन आणि निघून येईन. एका चर्चचं सभागृह होतं, चारएकशे माणसं, सगळी आपली, सीमा ओलांडून कामाला आलेली. हॉटेलात भांडी घासणारे, रात्रपाळीचे रखवालदार, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाया. ज्यांना इथे कोणी नावाने हाक मारत नाही अशी माणसं. मी आत शिरलो आणि ती उभी राहिली. एका रखवालदाराने माझा हात धरला आणि सोडेचना. रडत होता. म्हणाला, "मला काही नको. फक्त आपला कोणीतरी आहे एवढं कळू द्या." आत्या, मी त्याला काय सांगायला हवं होतं? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

तिथून सगळं पळतंय. एक भाट नेमलाय, दुमेझ्वेनी नावाचा, आवाज असा की खिडक्या थरथरतात. तो थोरल्या घराची बिरुदं पाठ करतोय, शेवटी माझं नाव जोडायचंय. चौदा सप्टेंबरला बुलावायोबाहेरच्या मैदानावर राज्यारोहण.

दुसऱ्या बाजूला माझं डोकं फिरायची वेळ आलीय. ग्वांडाकडचा एक सिबांगानी खुमालो म्हणतो की तोच खरा. बोअरवेल खणतो म्हणे. तिसरा एक पाद्री आहे, त्याला स्वप्नात दृष्टांत झाला. आमचे लोक त्यांना तोतये म्हणतात, त्यांचे आम्हाला. आपल्याकडचं सरकार म्हणतं, राजा कसला, कायद्यात जागाच नाही. मी कामावर जातो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, आणि पहिल्यांदाच असं झालं की कोणती तार कुठली ते विसरलो. माझा जोडीदार वरून ओरडला म्हणून वाचलो.

समितीला आता आजोबांची कबर बघायची आहे. गादीवर बसण्याआधी तिथे जाऊन पूर्वजांना सांगावं लागतं. जुलैत माणसं पाठवतील. कबर नक्की कुठे आहे? मला एवढंच आठवतं की जुन्या गोठ्याच्या मागे गेलो होतो.

उत्तर लवकर दे. नोम्वुला म्हणते, मी झोपेत दोन्ही हात वर करतो, टोपी सांभाळल्यासारखे.

थुली

---

शांगानीकाठ
८ जून २०१९

थुली,

कबर नाही. दोन हजार साली पूर आला होता, तेव्हा नदीने तो सगळा काठ नेला. तुझ्या लोकांना सांग, येऊ नका, दाखवायला काही नाही. थंडीही फार आहे.

तू मान हलवायला नको होतीस.

आत्या

---

जोहान्सबर्ग
३० जून २०१९

आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र घेऊन झेंझो आला. मी त्याला सहज म्हटलं, कबर वाहून गेली म्हणे आजोबांची. तो माझ्याकडे बघतच राहिला. "कधी? मागच्या ऑगस्टमध्ये तर मी स्वतः सिमेंटची पिशवी नेऊन दिली. तुझ्या आत्याने गवंडी बोलावून कबरीवर दगड बसवून घेतला. मी हात लावला उचलायला, माझी पाठ अजून धरलीय."

बिचाऱ्याला कळलंच नाही आपण काय बोलून गेलो.

तू मला खोटं सांगितलंस. तू! लहानपणी एका पेन्सिलीवरून खोटं बोललो तर तू मला शाळेपासून घरापर्यंत एक शब्द न बोलता चालवत आणलं होतंस.

माभेना वेगळंच सांगतात. सिबांगानीची माणसं तुझ्याकडे येऊन गेली, तुला बकरी दिली, तू त्यांच्या बाजूला झालीस. मी म्हटलं, माझी आत्या बकरीला विकली जाणाऱ्यातली नाही. ते म्हणाले, "मग बैल दिला असेल." मी त्यांच्या अंगावर ओरडलो. पण रात्रभर तेच डोक्यात.

ते लोक आले होते का? बकरी घेतलीस का? मला राजा व्हायचं नाही म्हणून तू हे करते आहेस, की मला व्हायचं आहे म्हणून? मला व्हायचं आहे का, हे तरी तुला कळतं का? मला कळत नाही.

खरं सांग. वाईट असलं तरी चालेल.

मथुलिसी

---

शांगानीकाठ
१४ जुलै २०१९

माझ्या बाळा,

खाली पूर्ण नाव लिहिलंस. म्हणजे रागावलास. रागाव. मीही तुझ्यावर रागावले होते, कारण तू विचारलंस आणि मला उत्तर माहीत होतं.

बकरी आणली होती. परत पाठवली. जाताना तिने माझी कोबीची रोपं खाल्ली, एवढाच व्यवहार झाला.

आता ऐक. तुला आठवतं, आपल्या घरी जनावर कापलं की त्याचं हृदय आपण कधी शिजवलं नाही, शेजाऱ्यांना देऊन टाकायचो? तू विचारायचास, मी म्हणायचे, पोटाला जड असतं. पोटाचा काही संबंध नव्हता. खुमालो हृदय खातात, खुशाल खातात. खात नाहीत ते मोयो. मोयो म्हणजेच हृदय, त्यांना कुळाची बंदी आहे.

तुझे आजोबा मोयो होते. नाव बाकानी. कलांगा जमातीचा पोरका पोर, दुष्काळात कोणीतरी म्हाताऱ्या खुमालोच्या दारात आणून सोडला, गुरं राखायला. म्हाताऱ्याचे तीन मुलगे एकाच महिन्यात साथीच्या तापाने गेले होते. त्याने या पोराला जेवताना शेजारी बसवलं. पुढे पास काढायला बाबा गोऱ्या साहेबाच्या कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, "कुणाचा?" बाबा म्हणाले, "खुमालोचा." त्याने लिहून टाकलं. जोसाया हे नावसुद्धा त्या कारकुनानेच दिलं, त्याला बाकानी लिहायचा कंटाळा आला.

म्हातारा खुमालो राजाच्या थोरल्या घरातला होता का? असेलही. तो बोलत नसे. असेल, तर ते घर त्याच्याबरोबर संपलं. आपण त्याच्या चुलीजवळ ऊब घेतलेली माणसं.

तू म्हणशील, एवढंच ना? सांगून टाकायचंस. पण इथेच माझाही गोंधळ आहे. माझी आजी, म्हणजे म्हाताऱ्याची बायको, सांगायची, त्याने बैल कापला होता, पोराच्या अंगावर पित्त शिंपडलं होतं आणि पूर्वजांना सांगितलं होतं, "हा आता माझा." तसं असेल तर रीतीप्रमाणे बाबा खुमालोच झाले. बाबांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कसला बैल? दुष्काळात सगळी गुरं मेली, तेव्हा शेळीसुद्धा उरली नव्हती." मग म्हणाले, "पण तुझी आजी म्हणते तर असेल." मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले की बरोबर उत्तर एकच असतं.

बाबा गेले तेव्हा लाकडी पाटी लावली होती, कोरी. गेल्या वर्षी वाळवीने खाल्ली. दगड घडवायला दिला, गवंड्याने विचारलं, बाई, नाव काय घालू? माझं वय अडुसष्ट. दगडावर खोटं लिहायचं मला जमेना. तिथे लिहिलंय: बाकानी मोयो. म्हणून तुझ्या समितीला ती कबर दाखवता येत नव्हती. पाहिली असती तर तू भर लोकांत उघडा पडला असतास, आणि मला वाटत होतं की तुला हे सगळं हवंय.

आणि एक कबूल करते. ते मारुलाखाली बसले होते तेव्हाच मी सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण तीन आठवडे मलाही बरं वाटलं. मंडलाने टोपी काढली, मला बरं वाटलं. माएन्द्लोवू चाळीस वर्षांची दिसायला लागली. चौऱ्याऐंशी साली सरकारचे लाल टोपीवाले सैनिक आले तेव्हा लांगाला शाळेच्या पटांगणातून नेलं, मी फळ्यापाशी उभी होते, हातात खडू तसाच. मी विचारलंसुद्धा नाही, कुठे नेताय. मला वाटलं, आता माझाच भाचा विचारेल, आणि त्याला कोणी हात लावू शकणार नाही.

आता तुला सगळं ठाऊक झालं. काय करायचं ते तू ठरव. मी कुणालाही सांगणार नाही. मला करता येण्यासारखं होतं ते करून झालं.

आत्या

---

जोहान्सबर्ग
११ ऑगस्ट २०१९

आत्या,

तुझं पत्र मी कामावर वाचलं, सातव्या मजल्याच्या लिफ्टच्या छतावर बसून. मग पुन्हा वाचलं. मग तिथेच बसून राहिलो, खालून लोक बटणं दाबत राहिले.

मला राग आला नाही, हे आधी सांगतो. पेन्सिलीचं आता दोघांचं फिटलं.

घरी येऊन नोम्वुलाला सांगितलं, आपण खुमालो नाही, मोयो आहोत. ती म्हणाली, "त्या देशात दगड फेकला तर मोयोला लागतो. बरं झालं, गर्दीत मिसळून जाशील." मग माझा चेहरा बघून तिने भाजीचं पातेलं उतरवलं आणि शेजारी येऊन बसली.  नोम्वुलाने स्वयंपाक अर्धा सोडला म्हणजे गोष्ट मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी माभेनांकडे गेलो. वाटलं होतं ते मला घराबाहेर काढतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, "बैल कापला होता की नाही, एवढाच प्रश्न आहे ना? मी समितीपुढे ठेवतो." तीन दिवसांनी बोलावलं. म्हणाले, "बैठक झाली. सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं की बैल कापला होता."

मी म्हटलं, "अहो, असं ठरवता येतं?"

"महाराज, पासबुक तुमच्या आजोबांचं, नाव तुमचं. दुसऱ्या दोघांची कागदपत्रं तरी कुठे धड आहेत? लोकांना कोणीतरी हवंय. राजा होतो तो लोकांच्या मुजऱ्याने. रक्त कोण बघायला बसलंय?"

"रक्त बघूनच तर तुम्ही माझ्याकडे आलात!"

"आलो होतो," ते म्हणाले. "आता पुढे आलो."

आत्या, त्यांचं बोलणं मला चूक वाटलं आणि खरंही वाटलं. तो रखवालदार माझा हात धरून रडला तो आजोबांच्या पासबुकामुळे नाही. मग मी कोण, हे ठरवणार कोण? कारकून? पणजी? सात विरुद्ध दोन? माझ्या मुलीच्या शाळेत तिचं नाव खुमालो आहे. ती विचारते, "बाबा, मग आता मी कोण?" मी म्हणालो, गृहपाठ कर.

चौदा तारखेला मी येतोय. काय करणार ते मला माहीत नाही. तू मैदानावर येऊ नकोस. तू समोर असलीस तर मी तुझ्याकडे बघेन, आणि मग निर्णय माझा राहणार नाही.

थुली

---

बुलावायो
१६ सप्टेंबर २०१९

प्रिय आत्या,

माएन्द्लोवू आज गावी परततेय, तिच्या हातीच हे पत्र देतोय. ती सगळं सांगेलच, पण तिचं ऐकण्याआधी माझं वाच.

मैदानावर राज्यारोहण झालंच नाही. सकाळी पोलिसांनी रस्ते अडवले, बस परत पाठवल्या. पाणी फवारायची गाडी उभी होती. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. पण जी माणसं पायी निसटून आली ती माकोकोबा वस्तीतल्या एका बियरहॉलच्या मागच्या अंगणात जमली. दोनशे असतील. माभेना म्हणाले, इथेच उरकू. खांद्यावर बिबळ्याचं कातडं घातलं. ते भाड्याने आणलं होतं, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

दुमेझ्वेनी उभा राहिला आणि त्याने बिरुदं सुरू केली. काय सांगू तुला. पहिल्या राजापासून, एकेकाचं नाव घेत, नद्या ओलांडत, लढाया जिंकत तो खाली येत होता. म्हातारी माणसं त्याच्याबरोबर ओठ हलवत होती.  मी त्या ओळीत शेवटी उभा राहणार होतो. मग त्याने म्हाताऱ्या खुमालोचं नाव घेतलं, आणि पुढचं नाव आलं जोसाया. आत्या, तिथे माझ्याने राहवलं नाही. जोसाया कोणीच नव्हता. एका आळशी कारकुनाने केलेला माणूस. खरा माणूस बाकानी, त्याचं नाव घेणारं या अंगणात कोणी नव्हतं.

मी हात वर केला. म्हणालो, "थांब. माझे आजोबा बाकानी मोयो. ते खुमालोची गुरं राखायचे. म्हाताऱ्या खुमालोने त्यांना मुलगा मानून बैल कापला होता असं पणजी म्हणायची, नव्हता असं आजोबा म्हणायचे. मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्यावर मी बसू शकत नाही."

 मग कोणीतरी हसलं. एका बाईने चप्पल फेकली, ती माभेनांना लागली. एक माणूस ओरडला, "विकला गेला! किती मिळाले?" दुसरा त्याच्या अंगावर धावला. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "पोरा, मोयो तर मोयो. उभा आहेस ना? मग बस." त्याला कोणीतरी मागे ओढलं. दुमेझ्वेनी खाली बसला होता, मला म्हणाला, "सहा महिने पाठ केलं मी. सहा महिने. शेवट कसा करू ते तरी सांगा."  कातडं मी त्याच्याशेजारी ठेवलं.

मागच्या दाराने निघालो तर माएन्द्लोवू उभी. तिला पोलिसांनी अडवलं नव्हतं, म्हातारी म्हणून. मला वाटलं, ही आता थोबाडीत मारणार. ती म्हणाली, "तुझ्या बापाला नेलं तेव्हा तोही असाच काहीतरी बोलला होता. सैनिकांनी नावं विचारली होती. गप्प बसला असता तर वाचला असता." एवढं बोलून चालायला लागली. ते कौतुक होतं की शिव्या, ते मला दोन दिवस कळलेलं नाही. तू तिला विचार. मी विचारू शकत नाही.

मी बरोबर केलं का? इथे ज्यांच्याकडे उतरलोय ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. झोपेत हात वर जात नाहीत एवढं खरं.

उद्या परत निघतोय. गावी यायचा धीर नाही. डिसेंबरात पोरीला घेऊन येईन, कबरीवर.

थुली

---

शांगानीकाठ
३ नोव्हेंबर २०१९

बाळ थुली,

उशीर झाला. आधी लोक येऊन भांडून गेले, मग पाऊस नाही म्हणून सगळे शेताची चिंता करू लागले आणि मला विसरले. सरपण आता मीच आणते. मंडलाने टोपी परत घातली. पण शेळ्यांबद्दल बोलायला लागलाय, हेही नसे थोडके.

माएन्द्लोवूला विचारलं. ती म्हणाली, "मलाच माहीत नाही, तुला काय सांगू?" रोज संध्याकाळी येऊन बसते. परवा तिने मला नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाली, लिही.  मी लिहून घेतलं. मग लांगाचं लिहिलं. मग ती आणखी दोघींना घेऊन आली. आता वहीत एकोणीस नावं झालीत. कोणाला द्यायची ही वही, ते आम्हा कोणालाच माहीत नाही.

तू बरोबर केलंस का, हे विचारतोस. लाल शाई हातात असती तरी मी खूण केली नसती. पण तुझं पत्र आलं त्या रात्री मी बाबांच्या कबरीवर जाऊन त्यांना सांगितलं, तुमचं नाव बुलावायोत दोनशे माणसांनी ऐकलं.

आता मुख्य गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारच्या बसने एक माणूस उतरला. पन्नाशीचा, बुटांवर चिखल, हातात कागदाची गुंडाळी. दारात उभा राहून म्हणाला, "गुरुजीबाई, मी सिबांगानी खुमालो. ग्वांडाचा." तोच, बोअरवेलवाला. मी म्हटलं, "बकरी आणली असेल तर बाहेरच बांध." तो हसला नाही. पाणी मागितलं, दोन तांबे प्यायला, म्हणाला, "पाणी गोड आहे, पण विहीर अजून पाच हात खणायला हवी." मग सावलीत बसला आणि गुंडाळी उलगडली.

वंशावळ होती. चौकोन आखलेले, वर राजा, खाली तो. मधले तीन चौकोन रिकामे.

म्हणाला, "तुमच्या भाच्याचं ऐकलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. माझ्याही आजोबांचं नाव कचेरीतच लिहिलं गेलं. तुम्हाला खरं कसं कळलं?"

मी म्हटलं, "मला सांगितलं गेलं होतं. आजीने सांगितलं, बाबांनी सांगितलं. तुझ्याकडे जुनं कोण आहे?"

"चुलते होते चौघे. त्यांना सगळं पाठ होतं. चौघांनाही त्र्याऐंशी साली सैनिकांनी एकाच दिवशी नेलं. त्यांना विचारायचं तेव्हा मी फुटबॉल खेळत होतो." कागदावरचे रिकामे चौकोन त्याने बोटाने दाखवले. "माझी माणसं म्हणतात, काहीतरी भरून टाका. तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही बघा."

थुली, मी आयुष्यभर वह्या तपासल्या. तो कागद मात्र मांडीवर घेऊनही मला तपासता येईना. ज्यांना उत्तर ठाऊक होतं ती माणसं मातीत घातली गेली, तीही कुठे ते माहीत नाही, आणि आता जिवंत माणसं एकमेकांना तोतया म्हणताहेत. तो खरा राजा असेल. खरंच असेल. सांगणारं कोणी उरलेलं नाही.

मी कागद तसाच परत दिला. त्याला जेवायला वाढलं, मक्याचं पीठ आणि पालेभाजी. दोनदा घेतलं. बसची वेळ झाली तेव्हा उठला, हात धुतले, म्हणाला, "मला बसवायचं ठरलंच, तर तुम्हाला विचारायला येऊ का?"

"ये," मी म्हटलं. "पण बसल्यावर नको. आधी ये."

तो अजून आलेला नाही. मंगळवारी आणि शनिवारी बस थांबते, तेव्हा मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघते. आला तर त्याला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझी आत्या,
सेंझेनी